साडेतीनशे तालुक्यांचा द्राविडी प्राणायाम

महाराष्ट्रातल्या ३५८ तालुक्यांची यादी होती. साध्या फाइलीत, इंग्रजी अक्षरक्रमाने, एकाखाली एक. प्रत्येक नावाला दोन्हीकडून अवतरणचिन्हं लावायची, पुढे स्वल्पविराम द्यायचा आणि ती प्रोग्रॅममध्ये चिकटवायची, एवढंच काम. मी बाह्या सरसावल्या. होम, अवतरणचिन्ह, एण्ड, अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, खालचा बाण. अचलपूर झालं. पुन्हा होम, अवतरणचिन्ह, एण्ड… अहेरी झालं. एका तालुक्याला सहा बटणं, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला २१४८. हा हिशेब अर्थातच नंतर केला. करत असताना मला आपण फार मन लावून काम करतोय असंच वाटत होतं.

टीममध्ये तीनच दिवसांपूर्वी आलेली एक मुलगी विचारून गेली, "सर, जेवायला येताय?" म्हटलं, एवढं संपवून येतो. ती जेवून, ताक पिऊन परत आली तेव्हा मी गेवराईत होतो.

"सर, रागावणार नसाल तर एक विचारू? तुम्ही हे असं का करताय?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. मी एस्केप दाबून खुर्ची सरकवली. तिने उभ्याउभ्याच क्यू आणि ए दाबलं, म्हणजे 'आता मी करते ते ए नावाच्या कप्प्यात टिपून ठेव'. (या टिपणाला मॅक्रो म्हणतात.) मग मोठ्या लिपीतला आय, अवतरणचिन्ह, एस्केप. मोठा ए, अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, एस्केप. जे दाबून खालच्या ओळीवर, आणि पुन्हा क्यू, टिपणं बंद. घनसावंगी झालं. मग पाच, शून्य, शून्य, अ‍ॅटचं चिन्ह, ए. डोळ्याची पापणी लवायच्या आत झरी जामणीपर्यंतचा सगळा महाराष्ट्र अवतरणचिन्हांत उभा. एकूण सोळा बटणं.

"पण पाचशे कशाला? ओळी तेवढ्या नाहीत," मी उगाच चूक काढली. (माणूस अशा वेळी चूकच काढतो.)

"शेवटच्या ओळीवरून खाली जायला जागा नसते ना सर, मग ते आपणच थांबतं. मोजत कोण बसणार?"

मोजत मी बसलो होतो. अकरा वर्षं.

तो एडिटर व्हिम होता. अकरा वर्षं मी तो रोज उघडत होतो, उघडल्या उघडल्या आय दाबून लिहिण्याच्या अवस्थेत शिरत होतो आणि उरलेला दिवस तो नोटपॅड आहे असं समजून वागत होतो. म्हणजे घरात पाटा-वरवंटा आणायचा आणि त्यावर फक्त उन्हात पापड वाळत घालायचे. व्हिममधून बाहेर कसं पडायचं हा विनोद आता इतका शिळा झालाय की त्याला बुरशी आलीय. बाहेर पडणं सगळ्यांना येतं हो. आत जाऊन काय करायचं, ते विचारा.

आता एवढ्या एकाक्षरी आज्ञा का, याला कारण आहे. १९७६ साली बर्कलीत शिकणाऱ्या बिल जॉयने व्हिमचा पूर्वज 'व्हीआय' लिहिला तेव्हा त्याच्याकडे ३०० बॉडचा मोडेम होता. सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा पूर्ण रंगवायचा तर मिनिटाहून जास्त वेळ, लक्ष्मी रोडवरचा सिग्नल सुटायला लागतो तितका. अशा घरात माणूस काटकसरीनेच बोलतो. त्याच्यापुढच्या एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलला बाणांची वेगळी बटणंही नव्हती. एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण छापलेले. म्हणून आजही व्हिममध्ये एच म्हणजे डावीकडे आणि एल म्हणजे उजवीकडे.

यात माझा दुसरा अपमान असा, की ती चार अक्षरं माझ्या बोटांखालीच होती. दहावीच्या सुट्टीत मी टायपिंग क्लासला जात होतो. डाव्या हाताला एएसडीएफजी, उजव्या हाताला सेमीकोलन, एल, के, जे, एच. कीबोर्डकडे बघू नये म्हणून सर हातांवर वर्तमानपत्र पसरायचे. मराठी ३०, इंग्रजी ४०, दोन्ही परीक्षा मी पास. तरीही अकरा वर्षं उजवा हात उचलून कोपऱ्यातल्या बाणांपर्यंत नेत होतो आणि परत आणत होतो. घरातला नळ सोडून चौकातल्या हापशावर पाणी भरायला जायचं, तसं.

त्या मुलीने मग आठवडाभर मला रोज एकेक गोष्ट दाखवली, आणि गंमत म्हणजे पाठ काहीच करावं लागलं नाही. कारण ते व्याकरण आहे. डी म्हणजे खोड, सी म्हणजे खोडून बदल, डब्ल्यू म्हणजे शब्द. डीडब्ल्यू म्हणजे शब्द खोड. सी, आय आणि अवतरणचिन्ह म्हणजे अवतरणचिन्हांच्या आतलं सगळं बदल. आतलं कुठून कुठपर्यंत, ते त्याचं तो बघतो. आणि नुसतं टिंब दाबलं की मघाशी केलेला बदल पुन्हा. या टिंबासाठी एखाद्याला पद्म पुरस्कार द्यायला हरकत नाही.

माझी तक्रार एकच, क्रियापद आधी येतं. 'खोड शब्द' हे काय मराठी झालं? आपण 'हा शब्द खोड' म्हणतो. गेल्या काही वर्षांत हेलिक्स नावाचा एक एडिटर आलाय, त्यात आधी शब्द निवडायचा, मग खोडायचा. डीडब्ल्यू नाही, डब्ल्यूडी. करणाऱ्यांना मराठी येत असण्याची शक्यता कमी, पण वाक्यरचना आपली आहे. सध्या मी व्हिमशीच संसार करतोय. या वयात मोडवत नाही.

व्हिम ज्याने केलं तो ब्राम मूलेनार. डच माणूस. १९९१ साली त्याने पहिली आवृत्ती बाहेर काढली, ती अमिगा नावाच्या संगणकासाठी, आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये जाईपर्यंत तो ते सांभाळत राहिला. पैसे मागितले नाहीत. आवडलं तर युगांडातल्या मुलांना मदत करा म्हणाला. ते आवाहन व्हिम नुसतं उघडलं की पडद्याच्या मध्यभागी दिसतं. मीही ते अकरा वर्षं न वाचता आय दाबत होतो. या ब्रामने एडिटर कसा शिकावा यावर २००० साली एक लेख लिहिला. सगळं शिकायच्या फंदात पडू नका, असं त्याचं म्हणणं. आपण पुन्हा पुन्हा काय करतोय ते पकडा, त्याला जवळची वाट शोधा, ती हाताच्या अंगवळणी पाडा.

सल्ला सोन्यासारखा. पण पहिल्याच पायरीवर घोडं अडतं. आपण पुन्हा पुन्हा काय करतो ते आपल्याला दिसत असतं तर बायकोला सांगावं लागलं नसतं. आपलं घोरणं आपल्याला ऐकू येत नाही. मी होम-एण्ड-होम-एण्ड करत होतो तेव्हा मला त्यात काही खुपत नव्हतंच. खुपलं ते पाठीमागून बघणाऱ्याला.

म्हणून नंतर मी मागच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना गाठलं. सहा वर्षं माझ्या पाठीशी बसतात. "तुम्हाला हे मॅक्रोचं माहीत होतं?"

"म्हणजे काय! रोज वापरतो."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

"म्हटलं, सरांची स्वतःची काही पद्धत असेल."

सहा वर्षं! सहा वर्षं तो सज्जन माणूस माझा द्राविडी प्राणायाम उघड्या डोळ्यांनी बघत होता आणि आदरापोटी गप्प होता. आमच्या कार्यालयात आदराची कमतरता नाही. वरिष्ठ माउसने फाइल शोधत बसले तर चौघेजण हात बांधून मागे उभे राहतात, देवळात आरती चालल्यासारखे. फाइलीच्या नावाची चार अक्षरं टाइप केली की ती समोर येते हे चौघांनाही ठाऊक असतं. बोलत कुणी नाही. बोलणाऱ्याला आगाऊ म्हणतात.

त्याऐवजी सगळे एकटेएकटे शिकतात. शनिवारी 'या तीस युक्त्या माहीत नसतील तर तुम्ही प्रोग्रॅमरच नाही' छापाचं काहीतरी वाचायचं, तीसच्या तीस एका दिवसात करून बघायच्या, वर चाळीस प्लगइनं चढवायची, पडद्याचा रंग काळा करायचा. पी हळद आणि हो गोरी. सोमवारी सकाळी हात पुन्हा कोपऱ्यातल्या बाणांवर. मी असे तीन शनिवार घालवलेत, आणि त्यातला काळा रंग तेवढा टिकला.

तर ती मुलगी. मी तिचं चारचौघांत कौतुक केलं, आणि आपल्याकडे सगळ्यांनी असंच बिनधास्त सांगायला हवं, असं एक छोटंसं भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या.

परवा आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये स्वतःची स्क्रीन दाखवायला घेतली. त्यांचा एडिटर व्हीएस कोड. एका व्हेरिएबलचं नाव बदलायचं होतं. त्यात एफ-टू दाबून नवं नाव दिलं की जिथे जिथे ते आहे तिथे तिथे एका फटक्यात बदलतं. साहेब माउस धरून निघाले. पहिली जागा: दोनदा क्लिक, नवं नाव. मग खाली सरकत दुसरी. अकराजण बघत होतो. चौथ्या जागी स्पेलिंग चुकलं, मागे आले, दुरुस्त केलं. सातव्या जागेनंतर म्हणाले, "झालं." आठवी जागा त्यांच्या कर्सरच्या दोन बोटं खाली होती. मला दिसत होती. त्या मुलीलाही दिसत असणार, पण तिचा माइक बंद होता. गेल्या महिन्यात कुणीतरी तिला बाजूला घेऊन, जरा जपून बोलत जा, असं सांगितलंय म्हणे.

पुढच्या आठवड्यात अप्रेझल. मी माइक सुरू केला.

"सर, आवाज येतोय का माझा?"

"येतोय, बोल रे."

"काही नाही सर. स्क्रीन व्यवस्थित दिसतेय, एवढंच."