नॉर्मल तात्या

‘‘काय तात्या, कसं काय?’’ असं लिफ्टमध्ये विचारलं की आमचे तात्या एकच शब्द टाकतात, ‘‘नॉर्मल!’’ पूर्वी ते इतरांसारखंच ‘‘चाललंय आपलं’’ म्हणायचे. निवृत्तीनंतर पहिल्यांदा फुल बॉडी चेकअप झालं, डॉक्टर ‘‘सगळं नॉर्मल आहे’’ म्हणाले आणि तात्यांना पदवी मिळाल्यासारखं झालं. त्या रिपोर्टचं त्यांनी लॅमिनेशन करून घेतलंय. पाहुण्यांना चहाच्या आधी तो बघावा लागतो.

तेव्हापासून जगाचे दोन भाग झाले. एक नॉर्मल, दुसरा नॉर्मल नसलेला. कुणाकडे बाळ झालं की मुलगा की मुलगी हे तात्या नंतर विचारतात. आधी ‘‘नॉर्मल ना?’’ सिझर म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो. स्वतःच्या नातीच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी टाकलं होतं : ‘कन्यारत्न. सिझर. बाकी सर्व नॉर्मल.’ सुनेनं हे अजून विसरलेलं नाही.

हॉटेलात तर बघायलाच नको. ‘‘पाणी नॉर्मल आण रे.’’ पोरगा घुटमळला. ‘‘काका, नॉर्मल म्हणजे थंड नको, की बाटली नको?’’ तात्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याचा रिपोर्ट बिघडलाय. शेवटी त्यानं कोमट पाणी आणलं आणि तात्यांनी ते तत्त्वासाठी प्यायलं.

घोटाळा झाला तो फोनमुळे. एका रात्री सहज त्यांनी हा शब्द इंग्रजीत टाइप केला, तर ‘मीनिंग इन हिंदी’ हे शेपूट फोननंच जोडलं. उत्तर आलं : सामान्य, साधारण. साडेदहाला आमची बेल वाजली.

‘‘मी सामान्य? सामान्य म्हणजे रेल्वेचा जनरल डबा! तीस वर्षं फर्स्ट क्लासचा पास काढलाय मी. आणि साधारण म्हणजे अंदाजे. म्हणजे माझी शुगर डॉक्टरांनी अंदाजे सांगितली?’’

मी समजावलं, की हिंदी शब्द मराठीच्या खिशात घालून फिरू नये. हिंदीतली चेष्टा म्हणजे खटपट, संसार म्हणजे अख्खं जग, आणि तिकडचा शिक्षा मंत्री कुणाला छड्या मारत नाही. आपल्याकडे ‘साधारण दहाला येतो’ म्हणणारा अकराला येतो. तिकडे साधारण म्हणजे नुसतं साधं. तात्या ऐकेनात. त्यांचा लॅमिनेट केलेला मोठेपणा डोळ्यांदेखत जनरल डब्यात चढला होता.

मग मी ठेवणीतलं काढलं. ‘‘तात्या, मूळ शब्द लॅटिन आहे. नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. भूमितीत लंबाला अजूनही नॉर्मल म्हणतात. नॉर्मल म्हणजे गुण्याला लावून बघावा असा सरळ माणूस.’’

तात्यांचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे गुण्यागोविंदानं राहतो म्हणतात, त्यातला गुण्या?’’

त्या दोघांचा काही संबंध नसावा. पण मी ‘‘हो’’ म्हटलं; अकरा वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर किचनच्या ट्रॉलीचं काम चालू होतं, तिथे जाऊन त्यांनी सुताराकडचा गुण्या मागून घेतला आणि दुपारपर्यंत सोसायटीतल्या भिंती, जिने आणि सेक्रेटरींच्या नव्या कपाटाला लावून पाहिला. कपाट नॉर्मल निघालं नाही. सेक्रेटरी अजून बोलत नाहीत.

आता लिफ्टमध्ये विचारलं की उत्तर येतं, ‘‘काटकोनात!’’ गेल्या आठवड्यापासून तर ते शब्दशः खरं आहे, कारण जिन्याची शेवटची पायरी मापताना तात्यांची कंबर धरली आणि ते अजून सरळ झालेले नाहीत. एक्सरे काढला. तो मात्र नॉर्मल आहे.