सलूनवाल्याचं पंचांग

तुळजापुरात सलून चालवायला कात्रीइतकंच पंचांगही लागतं. सोमवारी दुकानच बंद. मंगळवार देवीचा, शनिवार मारुतीचा, गुरुवारी घरातूनच ‘नको’, अमावास्या वेगळी. श्रावणात दाढ्या वाढतात, गणपतीत जरा कात्री चालते, की पितृपक्ष आणि लगेच घटस्थापना! कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २०२० च्या जूनअखेर सरकारने सलूनं उघडली तीही ‘केस कापा, दाढी नको’ म्हणत. सरकारलाही कुणीतरी पंचांग दाखवलं असावं.

उरलेल्या दिवसांत फोन येतो, “पाचला येतो भाऊ, नंबर लावून ठेव.” पाचला हा गडी समोरच्या हॉटेलात बशीत चहा ओतताना आपल्याच आरशात दिसतो. न येणाऱ्याकडून पैसे घ्या, असं धंद्याचे सल्लागार सांगतात. घेऊन बघा, उद्या त्याची अख्खी भावकी शेजारच्या दुकानात.

बलुतेदारीत ही कटकट नव्हती. वर्षभर हजामत, सुगीला खळ्यावर धान्य. गिऱ्हाईक आलं काय, न आलं काय. (अर्थात पायली भरताना हात आखडायचाच.) शहरातली सलूनं आता वर्षाचं पॅकेज विकतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यातही विकावं, फक्त सोयाबीनचा भाव बघून.