गाईडसाहेब, मुलांची उत्तरं परत करा

श्री. गाईडसाहेब,
इयत्ता पहिली ते पाचवी, सर्व विषय, सर्व माध्यमे.

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची पद्धत आहे, म्हणून नमस्कार. यापुढे तुमच्याबद्दल आदराचा शब्द या पत्रात सापडणार नाही.

जूनमध्ये पाठ्यपुस्तकं येतात न येतात तोच तुम्ही दुकानात मांडलेले असता. धडा अजून कुणी वाचलेला नसतो, वर्गात कुणी हसलेलं नसतं, कुणाला शंका आलेली नसते. उत्तर मात्र छापून तयार. धड्याखाली ‘तुम्हांला काय वाटते?’ असा प्रश्न असतो. आठ वर्षांच्या पोराला काय वाटतं ते त्याच्याच तोंडून ऐकावं, एवढ्यासाठी तो घातलेला असतो. तुम्ही तेही छापता! ‘मला असे वाटते की...’ इथून सुरू होणारं, चार ओळींचं, एकही चूक नसलेलं. वर्गातली सगळी मुलं तेच उतरवतात आणि सगळ्यांना एकच गोष्ट वाटू लागते. ‘माझी आई’ या निबंधाचंही तेच. तुमच्या कृपेने साऱ्या वर्गाच्या आया पहाटे उठतात, प्रेमळ असतात आणि सुगरण असतात. ऊसतोडीला गेलेली आई, रात्रपाळीची आई, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणारी आई तुमच्या दहा ओळींत कुठेच नाही. जिला आई नाही त्या मुलीनेही तुमचीच आई लिहायची. हा गुन्हा मी तुम्हाला कधी माफ करणार नाही.

तुम्ही म्हणाल, मुलांना प्रश्नोत्तरं येतात ना, मग तक्रार कसली? तर हे एक वाक्य वाचा : ‘टुमक्या झोरप्याने सकाळी आपली गुबसी भिरंगात लपवली.’ आता प्रश्न. गुबसी कोणी लपवली? कुठे लपवली? केव्हा लपवली? झोरप्या कसा होता? तिसरीतलं कुठलंही मूल चारही उत्तरं बरोबर लिहील. झोरप्या टुमका होता. चारपैकी चार गुण. वाक्यात अर्थ नावाची चीज नाही, कारण ते शब्द मी आत्ता बसल्या जागी बनवले. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूची ओळ उचलायची, एवढंच तुम्ही मुलांना शिकवलंय, आणि आमच्या चाचण्याही बहुतेक तेवढंच मागतात.

आता दुसरा उतारा घ्या. ‘रखमाने दाराबाहेर अनोळखी चपला पाहिल्या. ती आत गेली आणि सुपात आणखी दोन मुठी तांदूळ घेतले.’ रखमाने तांदूळ का वाढवले? याचं उत्तर कुठल्याच ओळीत नाही. ते मुलाला दोन वाक्यांच्या मधून काढायचंय. चपला दारात काढतात, अनोळखी म्हणजे घरातल्या नव्हेत, आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, हे सगळं त्याने घरी पाहिलेलं असतं. ते पाहिलेलं आणि हे वाचलेलं जोडता आलं की वाचन झालं. मी विचारलं तर कुणी म्हणेल पाहुणे आले, कुणी म्हणेल आत्या आली असेल, कुणी म्हणेल आत्याच्या चपला रखमाला ओळखू आल्या असत्या. मग त्यावर भांडण होईल. त्या भांडणात आकलन घडतं. तुम्ही खाली ‘उत्तर : घरी पाहुणे आले म्हणून’ असं छापलंत की भांडण संपलं आणि विचारही.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं : अक्षरं उलगडण्याची ताकद गुणिले भाषा समजण्याची ताकद. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, हाती शून्यच येतं. दोन वर्षांनी डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. खेळ ठाऊक असलेल्या ‘कच्च्या’ वाचकांना ते वर्णन खेळ न कळणाऱ्या ‘पक्क्या’ वाचकांपेक्षा जास्त समजलं आणि लक्षात राहिलं. म्हणजे मुलाला आधीपासून जे ठाऊक असतं ते वाचनाचं भांडवल आहे. तुम्ही त्या भांडवलाला हात लावू देत नाही.

डोलोरेस डर्किन या अमेरिकी संशोधिकेचा १९७८-७९ मधला अभ्यास तर तुमच्या मुखपृष्ठावर छापायला हवा. चौथीच्या वर्गांतले ४,४६९ मिनिटांचे वाचनाचे तास तिने बसून पाहिले. त्यात आकलन कसं करावं हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेली २० मिनिटं. उरलेल्या बऱ्याच वेळात प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं, स्वाध्याय सोडवून घेणं चाललं होतं. समजलं का हे सतत विचारायचं, समजून कसं घ्यायचं ते सांगायचं नाही. आमच्याकडे परिस्थिती आणखी वाईट आहे, कारण आमच्याकडे तुम्ही आहात. तुमच्यामुळे विचारण्याचंही कारण उरत नाही.

शब्दार्थांकडे येते. ‘अरण्य – वन. विस्मय – आश्चर्य. ओशाळणे – लाज वाटणे.’ मुलं ही यादी घोकतात, जोड्या लावतात, गुण घेतात आणि सोमवारी विसरतात. मेळघाटातल्या कोरकू घरातलं मूल ज्या रानात वाढलं तिथल्या झाडांची नावं त्याच्या जिभेवर असतात. त्याला तुम्ही ‘अरण्य – वन’ देता, एका पुस्तकी शब्दाला दुसरा पुस्तकी शब्द. ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ हा सगळ्यात सोपा प्रश्न तुम्ही कधी विचारला आहे? गोंडी, भिली, वारली, अहिराणी बोलणारी मुलं शाळेत रिकाम्या हातांनी येत नाहीत.

ओशाळणं मी असं शिकवते. पाण्याच्या टाकीपाशी रांगेत तू मागच्याला चिडून ढकललंस आणि वळून पाहिलंस तर मागे बाई. तुझा चेहरा कसा होईल? करून दाखव. मग वर्गभर चेहरे होतात. ओशाळलेला माणूस वर बघतो की खाली? चूक करून न ओशाळणारं कुणी माहीत आहे? चार दिवसांनी दुसऱ्या गोष्टीत कुणी ओशाळतं, तेव्हा पोरं आपणहून ओरडतात. एक शब्द असा पाच-सहा वेळा वेगवेगळ्या जागी भेटला की तो मुलाचा होतो. याला वेळ लागतो, म्हणून आठवड्याला थोडेच शब्द होतात. तुमच्या एका पानावर तीस असतात.

तुमचे साथीदारही मला माहीत आहेत, त्यांची नावं सांगून टाकते. पहिला साथीदार म्हणजे वही-तपासणी. वही भरलेली हवी, प्रत्येक उत्तरावर लाल खूण हवी, आणि चाळीस उत्तरं सारखी असली की खुणा भराभर होतात. चाळीस वेगळी उत्तरं वाचायला संध्याकाळ जाते. दुसरा साथीदार म्हणजे दोन शिक्षकांच्या शाळेत एकाच खोलीत बसलेले दोन-तीन वर्ग आणि वर ऑनलाइन माहिती भरण्याची घाई. असा शिक्षक तुमच्याकडे वळतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही. तिसरे साथीदार म्हणजे घाबरलेले पालक. स्वतः कमी शिकलेली आई पोटाला चिमटा घेऊन तुम्हाला विकत घेते, कारण मूल मागे पडेल ही भीती तिच्या मनात कुणीतरी घातलेली आहे. त्या भीतीवर तुमचा धंदा चालतो.

निकाल समोर आहे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२२ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेली मुलंही शाळेत जाणारीच आहेत, त्यांच्याही वह्या भरलेल्या आहेत. ‘निपुण भारत’ हे सरकारी अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला ६० शब्द अर्थासह वाचावेत असं लक्ष्य आहे, आणि तेही अनोळखी मजकुरातले. अनोळखी या शब्दापाशी जरा थांबा. तुमचा सगळा संसार ओळखीच्या धड्यांवर उभा आहे. मुलाने पूर्वी न पाहिलेलं पान त्याच्यापुढे ठेवलं की तुम्ही मुके होता.

तुमच्याशिवाय चालतं, हे या महाराष्ट्रानेच दाखवलंय. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी सगळी बाराखडी संपायची वाट न पाहता थोडी अक्षरं, थोड्या मात्रा घेऊन लगेच शब्द आणि वाक्यं वाचायला लावण्याचा आग्रह धरला, म्हणजे पहिल्या काही महिन्यांतच मुलाला अर्थ भेटतो. माधुरी पुरंदरे यांनी ‘वाचू आनंदे’मध्ये अस्सल मराठी साहित्यातले उतारे चित्रांसकट मुलांपुढे ठेवले, मुलं ते पेलतील या विश्वासाने. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, आईच्या फोनवरसुद्धा.

यंदा पहिल्याच पालकसभेत मी सांगणार आहे की गाईड घेऊ नका. त्या पैशांत गोष्टींची दोन पुस्तकं घ्या, आणि वाचता येत नसेल तर मुलाला वाचायला सांगून ‘मग पुढं काय झालं?’ एवढं विचारा. वर्गात रोज एक गोष्ट मी मोठ्याने वाचणार, मध्येच थांबणार, आणि उत्तर मुलांच्या बोलीत, मोडकं, अर्धं आलं तरी वहीत तसंच लिहून घेणार. त्यावर लाल रेघ मारणार नाही. वह्यांत फरक का, असं तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं तर वही मिटून त्यांच्या हाती मुलांनी न वाचलेला एक उतारा देईन आणि म्हणेन, हा मुलांना द्या, दहा मिनिटं त्यांच्याशी बोला, आणि मग शेरा लिहा.

तुमचे प्रकाशक याला उत्तर देणार असतील तर एकच अट आहे. ते स्वतःच्या शब्दांत द्यावं.

कळावे,
प्राथमिक शाळेतली एक शिक्षिका