चर्चासत्राचा पुरेपूर लाभ

चर्चासत्राला जाऊन प्राध्यापकाच्या पदरात काय पडतं, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018च्या नियमावलीत छापूनच दिलं आहे. निबंध परदेशात वाचला तर 7 गुण, देशातल्याच आंतरराष्ट्रीय चर्चासत्रात 5, राष्ट्रीयमध्ये 3, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर 2. त्यामुळे तालुक्याच्या गावची चर्चासत्रंही आता आंतरराष्ट्रीय असतात. काठमांडूचे एक प्राध्यापक पडद्यावर येतात, आवाज येतोय का विचारतात आणि गोठतात. तेवढ्यावर तिनाचे पाच. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार पंख्याबद्दल आहे.

दीपप्रज्वलनाला पंखा बंद करावा लागतो, हे वात तीनदा विझल्याशिवाय कुणालाही आठवत नाही. मग शिपायाला हाका. शिपाई चहाच्या मागे. कुणी तरी उत्साही अधिव्याख्याता भिंतीवरची बटणं एकेक दाबून बघतो, त्यात आधी माईक जातो. पाहुणे हातातली मेणबत्ती समईला टेकवून फोटोग्राफरकडे बघत उभे. मेण ओघळून बोटांवर येतं, पण फोटो झाल्याशिवाय हात हलवायचा नसतो. अखेर पंखा थांबतो. तो पुन्हा लावायचा असतो, हे समारोपापर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

पुढे शाल, श्रीफळ आणि संस्थाध्यक्षांचं मनोगत. विषय हवामानबदलाचा असो की दलित आत्मकथनांचा, अध्यक्ष सुरुवात करतात ती संस्था पत्र्याच्या दोन खोल्यांत सुरू झाली तिथून. बीजभाषण साडेबाराला सुरू होतं. हा गेलेला वेळ अध्यक्षांकडून वसूल करता येत नाही, म्हणून तो निबंधवाचकांकडून करतात. पत्रात पंधरा मिनिटं कबूल केलेली असतात, सत्राध्यक्ष हसतमुखाने सांगतात, “सर, पाच मिनिटांत सारांश सांगा.” त्यातली तीन पेनड्राइव्ह उघडण्यात जातात. पुढे बसवलेली विद्यार्थिनी चौथ्या मिनिटाला घंटा वाजवते. तिचं काम ती चोख करते; दिवसभरात वेळेवर झालेली गोष्ट तेवढीच. प्रश्नोत्तरं जेवताना, असं ठरतं. जेवताना मी एकांना प्रश्न विचारला. ते म्हणाले, जिलेबी संपत आलीय.

खरा लाभ घ्यायचा तर सकाळीच कार्यालयातल्या क्लार्कशी ओळख काढावी. प्रमाणपत्रं समारोपानंतर, तीही अभिप्रायाचा फॉर्म भरल्यावरच मिळतात आणि समारोप शेवटच्या एसटीनंतर असतो. अनुभवी मंडळी दुपारीच प्रमाणपत्र घडी न पडता फायलीत सरकवून स्टँडवर पोचलेली असतात. मी समारोपाला थांबलो. श्रोत्यांत मी, घंटावाली विद्यार्थिनी आणि मंडपवाला. प्रमाणपत्र हाती आलं तेव्हा त्यावर माझ्या नावामागे ‘श्रीमती’ होतं. क्लार्क म्हणाला, दुसरं लगेच छापून देतो, पण शिक्का संयोजकांच्या बॅगेत आहे आणि संयोजक पाहुण्यांना सोडायला स्टेशनवर गेलेत.