तात्यांचं ठरलं

सकाळी सव्वासहाला फोन वाजला तर आमच्या घरात कुणी दचकत नाही. कुणी आजारी नसतं, कुणी गेलेलं नसतं. तात्यांचं काहीतरी ठरलेलं असतं.

"मास्तर, ठरलं."

"काय ठरलं तात्या?"

"गाडी करायची. आता माघार नाही. चहा घे आणि काढ तुझी वॅगन-आर. दौंडला जायचंय."

असे तात्या तुमच्याकडेही असणार. कुणाच्या पडवीत येझदी असते, कुणाच्या गोठ्यात राजदूत, कुणाच्या जिन्याखाली प्रीमियर पद्मिनी. वर फाटकी ताडपत्री, खाली चपटे टायर. मालक तिला 'दुरुस्त करायची' असं म्हणत नाही, नुसतं 'करायची' म्हणतो. विकत मागितली तर त्याला राग येतो आणि कधी करणार विचारलं तर त्याहून जास्त येतो.

आमचे तात्या एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. तीस वर्षं त्यांनी खिडकीमागं बसून, माईक तोंडाला लावून गाड्या सोडल्या. एका मिनिटाचा उशीर खपवून घेतला नाही. पण स्वतःची एक गाडी त्यांना सुटत नाही, दोन्ही अर्थांनी.

ही गाडी म्हणजे १९६६ सालची, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. रंग मूळचा आभाळी. आता कुठला म्हणावा हे शेडमधल्या उजेडावर अवलंबून. ती तात्यांच्या सासऱ्यांची. सासरे दौंडला रेल्वेत होते. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरकडून त्यांनी ती घेतली. सासरे गेले आणि गाडी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. त्यामुळे तात्या राहतात शिरूरला आणि त्यांचा जीव असतो दौंडला. मधला न्हावरा, केडगाव-चौफुला हा रस्ता मला आता इतका पाठ झालाय की कुठल्या गुऱ्हाळाचा वास कुठल्या वळणावर येतो, हे डोळे मिटून सांगेन.

आमच्या शिरूरमध्ये, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीत, 'ठरलं' या शब्दाला तात्यांमुळे दोन अर्थ आले आहेत. ऊसतोडीची टोळी उद्या येणार असं कुणी सांगितलं की ऐकणारा विचारतो, "खरंच ठरलंय, का तात्यांचं ठरलंय?" परवा एका साखरपुड्यात मुलाच्या मामांनीच हा प्रश्न केला. तात्या शेजारच्या खुर्चीवर बसून बुंदी खात होते. त्यांनी मान डोलावली, जणू प्रश्न रास्तच होता.

तात्यांच्या मते हेराल्ड ही स्पोर्ट्स कार आहे. "घरगुती गाडी आहे हो, चार माणसं बसायची," असं मी एकदा न्हावऱ्याला बोलून गेलो. चौफुला येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. चौफुल्याला मिसळ पुढ्यात आल्यावर मात्र त्यांनी बाजू मांडली. इंग्लंडात १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड आली. आखणी जिओवानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाची. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर ती आपल्याकडे बनवू लागली. त्या काळात देशात मोटार म्हणजे अँबॅसिडर, फियाट, नाहीतर ही. आणि १९६२ साली तिकडे ट्रायम्फनं हेराल्डचीच चासी आखूड करून स्पिटफायर काढली. दोन माणसांची, उघड्या टपाची, अस्सल स्पोर्ट्स कार.

"म्हणजे ही स्पिटफायरची थोरली बहीण. सख्खी! थोरली संसाराला लागली म्हणून रक्त बदलतं का मास्तर?"

मी पाव मागवला. हेराल्डचं इंजिन ९४८ सीसीचं. माझ्या वॅगन-आरचं त्याहून पन्नास सीसीनं मोठं आहे, हे मी तात्यांना अजून सांगितलेलं नाही.

शेडमध्ये गेल्यावरचा विधी ठरलेला. आधी ताडपत्री निघते. मग तात्या चपला काढतात. मग दोन्ही बाजूंच्या कड्या सोडवून बॉनेट उचलतात. हेराल्डचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे. मडगार्ड आणि हेडलाइटसकट गाडीचं अख्खं तोंड पुढच्या बाजूला कलतं. पाहुणे आल्यावर एखाद्या म्हातारीनं खाली वाकावं तसं. मागं सगळं उघडं: इंजिन, स्टिअरिंगचा दांडा, पुढची दोन्ही चाकं. चाकावर बूड टेकून काम करता येतं. तात्या चाकावर बूड टेकतात. काम होत नाही.

एकदा मात्र उस्ताद आले. दौंडचे जुने मेकॅनिक. दोन बोटांनी त्यांनी पुढच्या चाकाचा सांधा चाचपला आणि बोट नाकाला लावलं.

"ह्यात ग्रीस कुणी भरलं?"

तात्या छाती काढून म्हणाले, "मी. दर दिवाळीला भरतो."

उस्तादांनी मांडी ठोकून त्यांना समजावलं. हेराल्डचं पुढचं चाक वळतं ते पितळी ट्रनियनमध्ये, पेचावर. तिथं ग्रीस नाही, गियर ऑइल लागतं. ग्रीस सुकून बसतं, पेचाला गंज धरतो आणि एक दिवस वळणावर चाक आडवं होऊन गाडी नाक घासते. म्हणजे तात्यांनी जी एकमेव सेवा गाडीची इमानानं केली होती, तिच्यातच तिचं मरण होतं. बॉडीचं विचारलं तर उस्ताद म्हणाले, "ही गाडी तुकड्या-तुकड्यांची. बोल्ट खोलले की पत्रा सुटा होतो. सोपं आहे. निम्मे तर आपणहूनच सुटलेत."

त्या संध्याकाळी परतताना तात्यांनी भीमेच्या पुलावर जाहीर केलं, "ठरलं. विकायची." शिरूरच्या बायपासला म्हणाले, "पण ऑइल तर भरून बघू."

तात्यांची एक वही आहे, एसटीची जुनी लांबडी. डाव्या पानावर 'करावी', उजव्या पानावर 'करू नये'. शाळा सुटल्यावर मी दुसऱ्या कुणाचं हस्ताक्षर वाचत नाही, पण ही वही वाचतो. 'करू नये'मध्ये लिहिलंय: पत्रा, वायरिंग, ब्रेक, चार टायर, पार्टसाठी नाना पेठेत हेलपाटे, लोक हसतील. 'करावी'मध्ये लिहिलंय: लोक हसतातच.

मग २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम काढले आणि तात्यांना शास्त्राधार मिळाला. गाडीला पन्नास वर्षं उलटलेली हवीत, ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठी उलथापालथ झालेली नसावी. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला बंदी. पण प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि इंधन भरणं, एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते.

"बघ मास्तर! फार केली तर मूळ रूप जातं. नाही केली तर रस्त्यावर येत नाही." असा पेच सापडल्याचा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. "आणि पेट्रोल भरायला नेता येते. म्हणजे पंपावर जायचं, घरी येईस्तोवर संपवायचं, परत भरायला जायचं. कायद्यात बसतं!"

तात्यांचा भाचा रांजणगाव एमआयडीसीत फियाटच्या कारखान्यात कामाला आहे. तिथून नव्याकोऱ्या जीप बाहेर पडतात. तो म्हणाला, "मामा, ह्या डबड्यात घालायच्या पैशात नवी गाडी दारात येईल." आमच्या आळीतल्या एकानं त्याच महिन्यात बैलगाड्याच्या शर्यतीसाठी खोंड आणला होता, किमतीचा आकडा हळू आवाजात सांगण्यासारखा. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या मे महिन्यात शर्यतींना हिरवा कंदील दिल्यापासून आमच्याकडे घाटाघाटांत गुलाल आहे. तात्या भाच्याला म्हणाले, "त्या खोंडाला नांगर ठाऊक नाही, मोट ठाऊक नाही. तो शौक. आणि मी डबडं ठेवलं की वेड?" भाचा गप्प बसला. मीही. त्यावर उत्तर नाही.

दोन वर्षांपूर्वी गोष्ट निकरावर आली. तात्यांच्या मेहुण्यानं निरोप धाडला: शेड पाडून रस्त्याकडेला गाळे काढायचेत, अक्षय्य तृतीयेच्या आत गाडी उचला, नाहीतर भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. आम्ही धावलो. ताडपत्री काढली. मागच्या सीटवर, स्प्रिंगा वर आलेल्या खळग्यात, मेहुण्याकडची तांबडी कोंबडी खुडूक होऊन बसलेली. खाली नऊ अंडी.

तात्यांनी ताडपत्री हलकेच परत टाकली आणि मेहुण्याला सांगितलं, "एकवीस दिवस काही ठरवता येणार नाही."

त्या एकवीस दिवसांतच एका संध्याकाळी काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, मला एक हकिगत सांगितली. १९७८ साली तात्या मुलगी बघायला दौंडला आले. सासऱ्यांनी पोह्यांच्या आधी परसात नेलं आणि गाडीचं बॉनेट उघडलं. तासभर दोघं चाकांवर बसून. आत पोहे गार, काकू साडी सांभाळत ताटकळलेल्या. शेवटी आजीनं ओरडून विचारलं, "पाव्हणं, पसंत हाय का?" तात्या इंजिनातून मान वर काढून म्हणाले, "ठरलं!"

"ते गाडीबद्दल म्हणाले होते," काकू शेंगा निवडत म्हणाल्या. "तोवर माझं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. आयुष्यात एवढं एकच ठरवलेलं टिकलं, तेही चुकून."

तात्या आतल्या खोलीत होते. रेडिओचा आवाज त्यांनी एकदम वाढवला.

माणूस तापदायक आहे, हे मी आजही म्हणतो. माझं पेट्रोल किती जळालं त्याचा हिशोब त्यांच्या वहीत नाही. पण आमच्या या शिरूर-दौंड पट्ट्यात हल्ली सगळं फार लवकर ठरतं. रस्ता रुंद होणार अशी कुणकुण सकाळी लागते आणि संध्याकाळी बांधावर प्लॉटिंगचा बोर्ड असतो. वाडा पाडायचं एका बैठकीत ठरतं, म्हातारीची पितळी भांडी मोडीत घालायचं त्याहून लवकर. माझ्या वडिलांची सायकल मी भंगारात दिली, तेव्हा मला ठरवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नव्हता. सात-आठशे रुपये आले असतील. कशात गेले आठवत नाही.

अंड्यांतून सात पिल्लं निघाली. बाविसाव्या दिवशी सव्वासहाला फोन आला.

"मास्तर, ठरलं."

"करायची का विकायची?"

"टेम्पो सांगितलाय. तू नुसता माझ्याबरोबर पुढं बस."

टेम्पोनं गाडी शिरूरला आणली. भीमेच्या पुलावर तात्यांनी ड्रायव्हरला हळू घ्यायला लावलं, कारण मागं सीटवर कुटुंब होतं. गाडी काकूंच्या तुळशीशेजारी उतरली. इंजिन जाम आहे, पुढचा डावा टायर नाही, आणि मूळ रूपाला अजून कुणी हात लावलेला नाही.

ट्रनियनमध्ये मात्र आता ऑइल आहे. दर दिवाळीला भरतात. तुमच्या तात्यांकडे गेलात तर गाडी कधी करणार असं विचारू नका. बॉनेट उघडून दाखवा म्हणा, आणि जवळच्या चाकावर बसा. थोडा वेळ लागेल.