तात्पुरता टेकू

गिरगावात पत्ता सांगताना रस्त्याचं नाव कोणी घेत नसे. आधी वाडी, मग चाळ, मग मजला आणि शेवटी 'जिन्याच्या बाजूचे की संडासाच्या', एवढं सांगितलं की पोस्टमन बरोबर दारात. आम्ही संडासाच्या बाजूचे. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे कमी, पण ओळखी अफाट. रोज सकाळी अख्खा मजला आमच्या दारात रांग लावून उभा असे.

चाळ उभी होती ती भाडे कायद्याच्या कृपेने. १९४७ च्या त्या कायद्याने भाडी १९४० च्या आकड्यांवर गोठवली. महायुद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, १९६४ साली मुंबईची ट्राम बंद झाली. आमचं भाडं काही जागचं हललं नाही. वसुलीला येणारे मेहताजी दर खोलीत चहा घेत आणि सणावारी पोहे. नीट हिशेब केला असता, तर मालकच आमचं देणं लागला असता. पावसात छत गळतंय म्हणून तक्रार केली, की मेहताजी म्हणत, "एवढ्या भाड्यात पाणी तरी कुठे मिळतं?"

एका पावसाळ्यात गॅलरीचा तुकडा कोसळला, तोही रात्री, सगळे आत असताना. दुसऱ्या दिवशी पाहणीला सरकारी साहेब आले. त्यांनी भिंतीवर पेन्सिल ठोकून पाहिली, भिंतीचं थोडं पीठ पडलं, आणि ते लगबगीने खाली उतरले. मग लाकडी टेकू आले. तात्पुरते.

शेजारच्यांचा बंडू तेव्हा रांगत होता. त्याच्या मुंजीला त्याच टेकूला आंब्याचे डहाळे बांधले. टेकूला कपड्यांची दोरी, टेकूला आकाशकंदील, निवडणुकीत टेकूला उमेदवार. क्रिकेटमध्ये तोच आमचा स्टंप. चेंडू टेकूला लागला तर आऊट. लागून वरून माती पडली तर डाव बरखास्त. टेकूने चाळ धरलीय की चाळीने टेकू, यावर गॅलरीत दोन तट होते आणि दोन्ही तट टेकूलाच टेकून वाद घालत.

आसपास इतिहास ओसंडून वाहत होता. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासूनचा सार्वजनिक गणपती. मॅजेस्टिक थिएटरात १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा', म्हणजे पहिला हिंदी बोलपट लागलेला. आमच्या चाळीत काहीच घडलं नव्हतं. पण हार मानतील ते आमच्या चाळीतले भाऊकाका कसले! केशवजी नाईकांच्या चाळीकडे जाताना टिळक आमच्याच वाडीतून गेले, असं ते छातीठोक सांगत. सरळ रस्ता सोडून इकडून का, असं विचारलं तर म्हणत, "ऊन होतं. सावलीसावलीने गेले."

आता मॅजेस्टिकच्या जागी दुकानांची इमारत आहे. जमिनीखालून मेट्रो धावते. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावला स्वतःचं भुयारी स्टेशन आहे. आमच्या चाळीचा टॉवर झाला. जुने भाडेकरू वरच्या मजल्यांवर मालक होऊन बसले, आणि आम्ही ज्या उंचीवर राहायचो तिथे आता गाड्या राहतात. मोठ्या गाडीला अडीच बाय साडेपाच मीटर जागा लागते, म्हणजे आमच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीहून जास्त. त्या खोलीत आम्ही सात माणसं झोपायचो, आल्यागेल्याची पथारी निराळी. गाडी रात्री एकटीच झोपते आणि कुणाच्या घोरण्याची तक्रारही करत नाही.

टॉवर पडायचा नाही, छत गळत नाही, संडास घरात आहे. आमच्या आईने आयुष्यभर देवाकडे एवढंच मागितलं होतं. तेव्हा चाळ गेली म्हणून गळा काढणाऱ्यांत मला धरू नका. आणि 'चाळीची मजा आता राहिली नाही हो' असं म्हणत कोणी उसासा टाकला, तर एकच विचारा: सकाळी साडेसहाला रांगेत तुमचा नंबर कितवा असायचा? चटकन सांगितला, तर माणूस खरा चाळकरी. बाकीच्यांनी चाळ पुस्तकात पाहिलेली असते.