मुडलीला खोका हवा

माझ्या बहिणीचं सासर जोयड्याचं. बेळगावहून निघालं की खानापूर, रामनगर मागे पडतं आणि मग मोबाइलची रेंज संपून जंगल सुरू होतं. तिथून भाचीचा फोन आला म्हणजे ती टेकाड चढून उभी असणार, आणि ती टेकाड चढली म्हणजे काम अडलेलं असणार, एवढं मला अनुभवानं कळतं.

"मामा, आम्हाला खोके घ्यायचेत. तुम्ही या जरा."

मी दचकलो. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. 2022 च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' घुमलं, तेव्हापासून सभ्य माणूस किराणा दुकानात रिकामा खोका मागतानासुद्धा आधी आजूबाजूला बघतो. पण भाचीचे खोके पुठ्ठ्याचेच निघाले. तिच्या संघातल्या बायकांनी मुडलीचे काप तळून विकायचं ठरवलं होतं. काप कुरकुरीत झाले होते, खाणाऱ्यांनी परत मागितले होते. आता फक्त ते 'मार्केटला' न्यायचे होते. आणि मार्केटला नागव्याने जाता येत नाही.

ज्यांना मुडली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अळूच्या गोतातला हा कंद जोयड्याच्या कुणब्यांनी परसात पिढ्यान् पिढ्या राखला. थंडीच्या दिवसांत जोयड्याला कुणबी समाजाचा कंदमुळांचा मेळा भरतो. कन्नडमध्ये त्याला 'गड्डे गेणसू मेळा' म्हणतात. मुडली, कोन, कणगी, सुरण असे एकेक कंद मांडलेले असतात, काही तर दोन्ही हातांनी उचलावे लागतात. या मंडळींचं पॅकिंग आजवर एकच होतं, अंगची माती. मातीसकट मुडली टिकते, धुतली की नासायला लागते. हे रानडुकराला आणि साळिंदरालाही माहीत आहे. मुडलीचं सगळ्यात जुनं आणि निष्ठावंत गिऱ्हाईक तेच. त्याने आजवर ना खोका मागितला, ना बिल.

मी पोचलो तेव्हा खोकेवाला आधीच येऊन बसला होता. शहरातला तरुण, पायात पांढरे बूट, आणि जोयड्याच्या लाल मातीत ते पांढरेच ठेवायचा निर्धार. त्याने बॅगेतून नमुने काढून ओटीवर पसरले. लग्नाच्या बस्त्यात शालू पसरतात तसे. बायका पुढे सरकल्या.

"मॅडम, पहिल्यांदा जीएसएम सांगा. तीनशे घ्यायचं की साडेतीनशे?"

जीएसएम म्हणजे चौरस मीटरभर पुठ्ठ्याचं ग्रॅममधलं वजन. एवढं मी शहाण्यासारखं समजावून सांगितलं आणि माझं ज्ञान तिथेच संपलं. पुढे तो एकटाच बोलत राहिला. ड्युप्लेक्स घ्यायचा की क्राफ्ट? ड्युप्लेक्स पांढरा, त्यावर रंग खुलतो. क्राफ्ट मातकट, पण हल्ली शहरात मातकटच महाग. वर लॅमिनेशन चकचकीत की मॅट? नावावर सोनेरी फॉइल? चित्रावर स्पॉट यूव्ही? म्हणजे तेवढाच भाग चमकतो. आणि समोर खिडकी?

"खिडकी कशाला?" बहिणीच्या सासूबाईंनी विचारलं.

"आतला माल दिसायला."

"मग झाकता कशाला?"

पांढऱ्या बुटांनी हा प्रश्न ऐकलाच नाही.

त्यानंतर कळलं की नुसत्या खोक्यात काप ठेवता येत नाहीत. जोयड्याच्या हवेत पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो. म्हणून आधी काप पाऊचमध्ये, पाऊच खोक्यात, आणि असे चोवीस खोके मोठ्या कोरुगेटेड खोक्यात. तो तीन प्लायचा घेतला तर थप्पीत खालचा चेपतो, पाच प्लायचा घेतला तर परवडत नाही. भाचीने वहीत हिशोब मांडला. शंभर ग्रॅम काप, तेल आणि सरपण धरून, अठरा रुपये. पाऊच तीन. खोका बावीस. बायकांची मजुरी लिहायची राहिलीच होती. ती बघायला भाची पान उलटून मागे गेली, आणि तिथेही नव्हती.

"बावीस रुपये पाच हजार नगांचा रेट आहे," खोकेवाल्याने धीर दिला. "त्याखाली प्लेट आणि डायचा खर्च निघत नाही. पाचशे घेतले तर एक खोका साठला पडेल."

संघाची अख्खी मुडली खणून तळली तरी सातशे पाकिटांच्या वर जाणार नव्हती. पण 2020 पासून केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रियेची योजना आहे आणि तीत गटांना ब्रँडिंगसाठी निम्मी मदत मिळू शकते, हे कुणीतरी सांगून ठेवलं होतं. मुडली कमी आहे म्हणून खोके कमी घेणं हा दळभद्री विचार ठरला. आधी खोके, मग मुडली. सरकारी इमारतही आधी उभी राहते, डॉक्टर नंतर येतात.

मग निघाला मजकूर. खोक्यावर काय लिहायचं हे खोका घेणाऱ्याने ठरवायचं असतं, असा बायकांचा भाबडा समज. प्रत्यक्षात बहुतेक जागा आधीच भरलेली असते. मालाचं नाव, घटक, पोषणाचा तक्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावे, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रार कुठे करावी, हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आणि अन्न सुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक. कंद शाकाहारी आहे हे ठिपका लावून सांगावं लागतं, याचं सासूबाईंना फार कौतुक वाटलं. 'तक्रारीसाठी फोन' या ओळीवर मात्र चर्चा थांबली. घरात रेंज नव्हती. शेवटी भाचीचा नंबर टाकायचा आणि तक्रार करणाऱ्याने ती टेकाडावर असेल तेव्हा करायची, असं ठरलं.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड. कर्नाटकात बनलेल्या मालावर कन्नड हवी. 2022 चा कायदाच आहे, आणि ज्या राज्यात राहतो तिथली अक्षरं असावीत यात गैर काहीच नाही. बेंगळुरूच्या मॉलसाठी इंग्रजी हवी. बेळगाव-कोल्हापूरच्या गिऱ्हाइकासाठी मराठी हवी. गोवा हाकेवर, तिथे कोंकणी हवी. ती तिकडे देवनागरीत, इकडे कन्नड लिपीत आणि कारवारच्या किरिस्तांवाच्या घरी रोमीत. खोक्याला बाजू सहा, त्यांतली एक जमिनीला टेकलेली.

"मामा," भाचीने गंभीरपणे विचारलं, "अष्टकोनी मिळतो का?"

सीमाभागावरच्या महाराष्ट्राच्या दाव्यात बेळगावबरोबर कारवार, हल्याळ आणि सुपा ही नावंही होती. सुपा म्हणजे हाच तालुका. 2004 पासून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पण सीमाप्रश्न सोडवायला न्यायालयच लागतं असं नाही, खोकाही पुरतो. दरवर्षी हंगामात कर्नाटकचा आंबा वाशीच्या बाजारात उतरतो आणि 'देवगड' छापलेल्या खोक्यात बसून उठला की महाराष्ट्राचा नागरिक होतो. ना आयोग, ना मोर्चा, ना लाठीमार. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी हे स्थलांतर थांबलेलं नाही. आमच्याकडे माणसं साठ-सत्तर वर्षं घोषणा देत राहिली. आंब्याने छपाईवाला गाठला.

अखेर चित्र. खोकेवाल्याने लॅपटॉपवर तयार चित्रं दाखवली. पहिल्यात पगडीवाला शेतकरी गव्हाच्या शेतात ट्रॅक्टरवर बसून हसत होता. दुसऱ्यात नथ घातलेली बाई जात्यावर बसून हसत होती. जात्यावर बसलेली बाई हसते हे फक्त पॅकिंगवाल्यांना माहीत. "आमचं काही टाका," बायका म्हणाल्या. आमचं म्हणजे काय, यावर विचार सुरू झाला. इथल्या व्याघ्र प्रकल्पाला 2015 साली काळी नदीचं नाव मिळालं, म्हणून वाघ सुचला. दांडेलीला धनेश पक्ष्यांचा महोत्सव होतो, म्हणून धनेश सुचला.

"सुपा टाका," सासूबाई म्हणाल्या.

"सूप? धान्य पाखडायचं?" खोकेवाल्याने बांबूचं सूप शोधायला घेतलं.

"सुपा. गाव."

ते काही त्याला सापडलं नाही. सापडणार कसं? तालुक्याचं ठाणं असलेलं सुपा गाव 1980 च्या दशकात काळी नदीवरच्या 101 मीटर उंच धरणाच्या पाण्यात गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि पुष्कळ माणसं रामनगरला. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, अशी आपली म्हण. इथे सुपातल्यांनाच आधी उठवलं. या तालुक्याने आयुष्यात एकदाच खरं पॅकिंग केलं. भांडी, देव, कौलं, दाराच्या चौकटी, सगळं बांधलं. तेव्हा कुणी जीएसएम विचारायला आलं नव्हतं.

ओटीवर जरा शांतता झाली. मग बहुमताने वाघ ठरला. वाघ गिऱ्हाइकाला आवडतो आणि तो आपल्या चित्राचे पैसे मागत नाही. वाघाच्या मागे घनदाट जंगल आणि बांबूची बेटं. कागद मातकट, लॅमिनेशन मॅट, वाघापुरतं स्पॉट यूव्ही. खाली इंग्रजीत 'जंगलाच्या कुशीतून'.

"हा पुठ्ठा कशाचा असतो हो?" भाचीने सहज विचारलं.

"एकदम इको-फ्रेंडली, मॅडम."

पोरीने 'कसा' नव्हे, 'कशाचा' असं विचारलं होतं. मला मात्र तिथून तासाभराच्या अंतरावरची दांडेली आठवली. 1955 साली तिथे कागद कारखान्याची कंपनी निघाली आणि 1958 साली सरकारने तिला उत्तर कन्नडच्या जंगलातला बांबू द्यायचं कबूल केलं. भाव टनाला दीड रुपया. छापण्यात चूक नाही, टनालाच. त्याच वेळी टोपल्या-सुपं विणणारा बुरुड, ज्याला इकडे मेदार म्हणतात, बाजारभावाने पैसे मोजत होता. आपल्या देशात घाऊक खरेदीला सवलत असते, हे तत्त्व तेव्हापासूनचं.

बांबू संपत चालल्याची बोंब बुरुडांनी मारली आणि 1975 च्या सुमारास सरकारने पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना अभ्यासाला बसवलं. त्यांना जंगलात जे दिसलं ते पॅकिंगच्या प्रत्येक वर्गात शिकवायला हवं. कळकाच्या, म्हणजे काटेरी बांबूच्या, बेटाला बुंध्याशी काट्यांचं दाट जाळं असतं. तोडणाऱ्यांना ते अडचणीचं, म्हणून छाटून बेटं 'साफ' केली. बेट मोकळं झालं की जोमाने वाढेल, असं शास्त्रही सांगायला हजर होतं. काटे गेले, कोवळे कोंब उघडे पडले आणि गुरं, माकडं, डुकरं, साळिंदरं यांनी ते येतील तसे खाल्ले. ते काटे हेच कळकाचं पॅकिंग होतं. पाच प्लायचं, फुकट, कुठलाही परवाना क्रमांक नसलेलं. बांबूचं पॅकिंग फाडलं आणि आतल्या बांबूचा कागद केला. आता कारखान्यात निलगिरी-सुबाभळीचं लाकूड जातं, पॅकिंगचा बोर्डही निघतो, आणि बाजारातला बराचसा पुठ्ठा रद्दीतून येतो. म्हणून भाचीच्या खोक्यात जोयड्याचाच कळक होता असं मी शपथेवर सांगणार नाही. हिशोब तेवढा सांगतो. इथून बांबू दीड रुपयाने टनभर जात होता. त्याचं चित्र छापलेला पुठ्ठा बावीस रुपयांना एक, असा परत आला.

जानेवारीत पाच हजार खोके आले. मेळ्यात संघाचा स्टॉल उठून दिसत होता. वाघ चमकत होता, जंगल मॅट होतं. शेजारीच एक म्हातारी मातीसकट मुडल्या मांडून बसली होती. मागेल त्याला सागाच्या पानात गुंडाळून, केळीच्या सोपटाने बांधून देत होती. बेंगळुरूहून आलेल्या एका जोडप्याने संघाचा खोका हातात घेऊन किंमत वाचली आणि म्हातारीच्या पुड्याचा फोटो काढला. "किती ऑथेंटिक पॅकेजिंग!" बाई म्हणाल्या, आणि ते फार महाग असेल असं वाटून त्यांनी भाव विचारलाच नाही.

सहाशे चाळीस पाकिटं गेली. पुढे काप संपले, कारण मुडली संपली. पुढच्या बियाण्याची तेवढी सासूबाईंनी कुणाला हात लावू दिली नाही. चार हजारांवर खोके घडी करून माळ्यावर चढवले. निम्म्या मदतीचा अर्ज अजून फिरतो आहे, त्याच्या पाकिटावर मात्र सगळे शिक्के आहेत.

मेच्या अखेरीस पुन्हा टेकाडावरून फोन आला.

"मामा, खोक्यांना वाळवी लागली. थप्पीच्या थप्पी पोकळ. वरचं प्लास्टिक तेवढं राहिलंय."

"म्हणजे नेमकं काय राहिलं?"

"वाघ. उचलला की सालीसारखा हातात येतो. मागचं जंगल त्याला चिकटलेलं आहे. पण आत काही नाही."

"आणि बियाण्याची मुडली?"

"ती मातीत आहे की. तिला काय होतंय?"

मला राहवलं नाही. मी तिला म्हटलं, एक खोका उचल आणि खालच्या बाजूचा बारीक मजकूर वाच. तिने वाचला. 'तयार केल्यापासून चार महिन्यांच्या आत खावे.'

वाळवीने मुदत पाळली होती.